गॅसच्या मागचं

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान बंडूजी यांच्या मते माणसाला जगात एकच रोग होतो, आणि तो म्हणजे गॅस. बाकीची सगळी नावं डॉक्टरांनी आपापली दुकानं चालावीत म्हणून काढलेली. डोकं दुखलं तर गॅस डोक्यात चढला. गुडघा धरला तर गॅस गुडघ्यात उतरला. समोरच्या कुसुमबाईंना रात्री झोप लागेना, तेव्हा तोही गॅसच निघाला. फक्त तो चढला किंवा उतरला नव्हता, जागच्या जागी फिरत होता. हे सगळं ते आपल्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून, शेंगदाणे तोलता तोलता सांगतात आणि नालवाडीतली निम्मी जनता माना डोलावते. मी आठवी-नववीच्या पोरांना विज्ञान शिकवते. माझ्या वर्गात कोणी असं उत्तर दिलं तर मी त्याला बाकावर उभं करीन. पण मेव्हणीनं जिजाजींना बाकावर उभं करायची आपल्यात पद्धत नाही.

हे ज्ञान त्यांच्याकडे लग्नाच्याही आधीपासून आहे. मंदाताईला पाहायला ते नाचणगावला आमच्या घरी आले, तेव्हा बाबांना उचकी लागली होती. पोहे पुढे आले तरी थांबेना. नवऱ्या मुलानं अशा वेळी खाली मान घालून बसायचं असतं. हे उठले, बाबांच्या पोटावर दोन बोटं ठोकली, कान तिरपा केला आणि जाहीर केलं, "गॅस हाये." आईकडून ओवा आणि मीठ मागवून बाबांना चावायला लावलं. उचकी थांबली. उचकी तशीही थांबतेच, कोणी ती घेऊन म्हातारं झाल्याचं मी ऐकलेलं नाही. पण बाबा एकदम गार झाले. "पोरगं हुशार हाये," म्हणाले. त्या ओव्याच्या चिमटीवर माझी बहीण त्या घरात गेली.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, आणि ती करताना माझ्या जिवावर येतं. बंडूजींचा कान चांगला आहे. तेलाच्या पिप्यावर बोटाचं पेर ठोकून आत तेल कुठपर्यंत आहे हे ते नेमकं सांगतात. टरबूज वाजवून आत लाल आहे की पांढरं हे सांगतात, आणि कापल्यावर तसंच निघतं. एवढ्यावर थांबले असते तर मीही कौतुक केलं असतं. पण पिप्यांवरून ते माणसांवर आले. गिऱ्हाईक पोट धरून आलं की त्याला तांदळाच्या पोत्याला टेकवून उभं करायचं, पोटावर डावा पंजा ठेवायचा, त्यावर उजव्या हाताची बोटं मारायची, डोळे मिटायचे. "ढबढब वाजून राह्यलं," म्हणायचं. मग गल्ल्याशेजारची चिनी मातीची बरणी उघडायची.

त्या बरणीत बंडूजींचं स्वतःचं चूर्ण असतं. ओवा, सुंठ, हिंग, काळं मीठ, निंबूसत आणि खायचा सोडा. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून ते चमच्यानं खळखळ ढवळतात, फेस वर येतो, माणूस एका दमात पितो आणि पाचव्या मिनिटाला दणदणीत ढेकर देतो. बंडूजी विजयी मुद्रेनं आजूबाजूला बघतात. "निंगाला का नाई गॅस?" निघाला ना! तुम्हीच भरला, तोच निघाला. निंबूसतासारखं आम्ल आणि सोडा पाण्यात एकत्र आले की वायू तयार होतो, हे मी वर्गात बाटलीच्या तोंडावर फुगा लावून दाखवते. फुगा टम्म फुगतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. नालवाडीत बाटलीऐवजी माणूस असतो, एवढाच फरक. पोरांना निदान कळतं की वायू बाटलीत आधीपासून नव्हता.

आता मंदाताईबद्दल. माझी बहीण न बोलणारी आहे. भाजी खारट झाली तरी न बोलता खाईल आणि चटका बसला तरी न बोलता हात पाण्याखाली धरील. त्यामुळे तिचं पोट केव्हापासून दुखत होतं हे कोणालाच माहीत नाही. गेल्या दिवाळीला मी फराळाचं घेऊन गेले तेव्हा ती पोटाशी उशी आवळून वाकून बसली होती. दुखणं वरच्या पोटात, बेंबीच्या वर, आणि तिथून डाव्या बाजूनं थेट पाठीत. अंगावरचं मांस उतरलेलं. बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरत होत्या.

"काऊन वं ताई, केव्हापासून होऊन राह्यलं हे?"

"काही नाई. गॅस हाये." तिनं नवऱ्याचंच वाक्य नवऱ्याच्याच सुरात म्हटलं. "चूर्न चालू हाये ना. सकाळ-संध्याकाळ देते ते."

मी गल्ल्यावर जाऊन भांडले. मोठ्यानं भांडले, गिऱ्हाइकांसमोर, कारण बंडूजींना गिऱ्हाइकांसमोरच काय ते लागतं. भाजीवाला प्रेमदास कांदे उतरवत होता, तोही म्हणाला, "होय जी बंडूजी, दाखवून तं द्या एकडाव." तेव्हा कुठे ते कबूल झाले. "जाऊ दे, काढून आनतो फोटो. फोटोत बी गॅसच दिसन, लिहून ठेव."

हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडे सोनोग्राफीला सगळे फोटोच म्हणतात. पोटाचा फोटो काढला, फोटोत खडा आला, फोटो साफ निघाला. कोणी पसरवला हा शब्द देव जाणे, पण माझ्या बहिणीच्या तो मुळावर उठला. फोटो म्हटलं की बंडूजींना फोटो स्टुडिओ आठवतो. स्टुडिओत जाताना माणूस तोंड धुतो, भांग पाडतो, पावडर लावतो. मग पोटाच्या फोटोला जाताना पोट नको का साफ करायला? त्या सकाळी त्यांनी मंदाताईला नेहमीपेक्षा दुप्पट चूर्ण घोळून दिलं, मग रिक्षात बसवलं आणि वर्ध्याला घेऊन गेले. माझी शाळेत परीक्षा चालू होती. मी नव्हते.

संध्याकाळी गेले तर दुकानात जत्रा. सोनोग्राफीचा अहवाल बंडूजींनी लॅमिनेशन करून आणला होता आणि गणपतीचं कॅलेंडर आणि मोबाइलनं पैसे भरायचा तो काळा-पांढरा चौकोन यांच्यामध्ये खिळ्याला टांगला होता. अहवाल इंग्रजीत होता. बंडूजींना इंग्रजीतला एकच शब्द वाचता येतो, गॅस. सिलिंडरच्या गाडीवर रोज दिसतो म्हणून. तो शब्द त्यांनी अहवालात शोधून काढला होता आणि त्याच्याखाली लाल पेननं दोन रेघा मारल्या होत्या.

"हे काय होय, जिजाजी?"

"सर्टिफिकेट," ते म्हणाले. "शिकलेल्या डॉक्टरीनबाईनं लिहून देल्लं. इतके साल मी सांगून राह्यलो, तं तुले हासू ये. आता मशीन बी तेच म्हनते."

मी तो अहवाल खाली उतरवून वाचला. लिहिलं होतं असं: यकृत ठीक, पित्ताशय ठीक, दोन्ही मूत्रपिंडं ठीक. स्वादुपिंड जठरातल्या गॅसमुळे दिसू शकलं नाही. उपाशीपोटी पुन्हा तपासणी करावी. सही डॉक्टर अंकिताची. ती माझीच जुनी विद्यार्थिनी, तिला मी फोन लावला. तिनं बंडूजींना तोंडानंही सगळं नीट सांगितलं होतं. "काका, गॅस खूप आहे, त्यामुळे मागचं काही दिसत नाहीये, काकूंना उपाशीपोटी परत आणा." बंडूजींच्या कानात 'गॅस खूप आहे' एवढं शिरलं आणि कान भरला. तेलाच्या पिप्याची पातळी ओळखणारा हा कान!

"जिजाजी," मी म्हटलं, "तुमच्या दुकानाचं शटर खाली असलं न् रस्त्यावरून एखाद्यानं फोटो काढला, तं फोटोत काय दिसन?"

"शटर."

"मंग तो मानूस असं म्हनन का, का या दुकानात शटर इकाले हाये?"

प्रेमदास हसला. बंडूजी हसले नाहीत. "शटर खाली असलं म्हनजे दुकान बंद हाये, हे तं समजते ना," ते म्हणाले, आणि आपण फार मोठं काहीतरी बोललो अशा थाटात त्यांनी कुसुमबाईंची साखर बांधायला घेतली.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. घसा वाचवून ठेवायची मला सवय नाही. फोटो उजेडाचा असतो, म्हटलं, इथे उजेडाचं काहीच काम नाही, सगळं काम आवाजाचं. डॉक्टरच्या हातात तो साबणाच्या वडीएवढा तुकडा असतो ना, तो पोटात आवाज सोडतो. इतका बारीक आवाज, की माणसाच्याच काय, कुत्र्याच्याही कानाला कळत नाही. सोडतो आणि मग गप्प राहून ऐकतो. आवाज आत जातो. जिथे एक प्रकारचं मांस संपून दुसरं सुरू होतं, अशा प्रत्येक हद्दीवर त्यातला थोडासा माघारी फिरतो आणि बाकीचा पुढे जातो. लवकर परत आला तो जवळून आला, उशिरा आला तो खोलातून आला. विहिरीत ओरडल्यावर आपला आवाज किती वेळानं परत येतो त्यावरून खोलीचा अंदाज बांधतो, तसंच हे. फक्त शरीरात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर पळतो, त्यामुळे मोजणारं यंत्र लागतं. ते यंत्र ठिपके मांडत जातं. जोरात परत आला तर पांढरा ठिपका, हलका आला तर करडा, आलाच नाही तर काळा. पाणी काळं दिसतं, कारण पाण्यात आवाजाला अडवणारी हद्दच नसते, तो सरळ पार जातो.

पण मांस संपून हवा लागली, की खेळ खलास. मांस आणि हवा यांच्यात आवाजाच्या दृष्टीनं इतका फरक असतो, की जवळजवळ सगळाच्या सगळा आवाज त्या हद्दीवरून माघारी येतो. पुढे जायला उरतच नाही. म्हणून तर पोटावर आधी ते थंडगार जेल चोपडतात, नाहीतर कातडी आणि यंत्र यांच्यामधल्या हवेच्या पापुद्र्यावरच सगळं थांबेल. बाहेरची हवा जेलनं घालवता येते. जठरात भरलेल्या हवेला जेल लावायला कोण जाणार? आणि स्वादुपिंड असतं नेमकं जठराच्या मागे, खोल, पाठीच्या कण्याला टेकून. ताईचं दुखणं पाठीत जातं ते तिथूनच जात असेल, म्हटलं. गॅस हा रोग नाही, जिजाजी. गॅस म्हणजे पडदा, आणि तुम्ही पडद्यालाच हार घालून राह्यले.

बंडूजींनी सगळं ऐकून घेतलं. त्यातलं काय घेतलं ते पाहा. "म्हनजे मशीन बी आवाजावरच चालते," ते म्हणाले. चेहऱ्यावर तेज. "मंग मी काय करतो? ठोकून, आयकूनच सांगतो ना? माह्यीच विद्या चोरली त्याईनं."

 दुःख हे, की त्यात चिमूटभर खरं होतं, आणि चिमूटभर खरं हाती लागलेला मूर्ख आवरता येत नाही. ठोकून पोकळी कळते, हे बरोबर. पण पोकळी कळली की बंडूजींचा शोध संपतो. पोकळीच्या पलीकडे काही असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. पिप्यात तेल नसेल तर पिपा रिकामा, विषय मिटला.

आणि मंदाताई तिकडे उशी आवळून बसलेली. मला भीती वाटत होती ती स्वादुपिंडाची. अवयव म्हणून ते दडून बसलेलं, आणि तिथला रोग फार चोरटा. आमच्या शाळेतल्या एका शिपायाला कळेपर्यंत ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. जे काही त्या पडद्यामागे होतं ते दिवसागणिक वाढत असणार, आणि पडदा रोज सकाळ-संध्याकाळ नव्यानं टांगला जात होता.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून तिला स्वतः घेऊन गेले. आदल्या दिवशी बंडूजींना बजावलं, "उपाशीपोटी न्यायचं हाये." "होय ना," म्हणाले, "समजते मले." खोलीत अंधुक उजेड, भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा फलक. अंकितानं जेल लावलं, यंत्र टेकवलं आणि मला पडदा दिसेल असा फिरवला. "बघा मॅडम." यकृत दिसत होतं, करडं, शांत. बरगडीकडून एक मूत्रपिंड दिसलं. यंत्र मधे आणलं की पांढरी झगझगीत रेघ, तिच्याखाली तशीच दुसरी, तिच्याखाली तिसरी. आवाज भिंतीवरून आपटून नुसता मागेपुढे होत होता, आणि त्याच्या खाली धूर. अंकितानं दाबून पाहिलं, ताईला कुशीवर वळवून पाहिलं. धूर तो धूरच.

"काकू, सकाळपासून काही खाल्लं? चहा?"

"नाई," मंदाताई म्हणाली. "पान्याचा घोट नाई." आणि तिला ढेकर आला.

त्या बंद खोलीत ओवा आणि हिंगाचा दरवळ सुटला. मी तो वास झोपेतही ओळखीन.

"ताई!"

"अवं, चूर्न काही खानं असते का?" ती घाबरून म्हणाली. "ते म्हने, उपाशी म्हनजे जेवाचं नाई. न् फोटो साफ निंगाले पायजे म्हनून चूर्न देल्लं. तेवढं चालते म्हने."

मला त्या क्षणी हसावं की रडावं कळेना. पहिल्या तपासणीच्या दिवशीही हेच झालं होतं. म्हणजे बंडूजींनी स्वतःच्या हातानं बायकोच्या पोटात गॅस भरला, यंत्रानं तो प्रामाणिकपणे दाखवला, आणि त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला.  अंकितानं कागदानं ताईचं पोट पुसलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी या. रात्रीच्या जेवणानंतर काहीच नाही. चूर्णसुद्धा नाही."

मी ताईला नालवाडीला जाऊच दिलं नाही. तिथूनच बोरगाव मेघेला माझ्या घरी आणलं. ती सारखी म्हणत होती, "त्याईले काय वाटन? दुकानात जेवन कोन देईन त्याईले?" मी म्हटलं, पोटात गॅस असलेल्याला भूक लागत नसते, त्यांना सांग. तिला ते आवडलं नाही.

संध्याकाळी तिचं दुखणं उठलं. मी पाठ चोळत होते. मी विचारलं, "चूर्न पिल्यावर बरं वाटते का वं तुले, खरं सांग."

"नाई," ती म्हणाली. "जास्तच फुगते. तानते वरतं."

"मंग पेतं कायले?"

तिनं उशी पोटाशी ओढून घेतली. मग म्हणाली, "लगन झाल्यापासून त्या मानसानं मले आपल्या हातानं पान्याचा ग्लास देल्ला नाई, ज्योत्स्ना. स्वप्निलच्या टायमाले सव्वा महिना खाटेवर होती तवा बी नाई. आता सकाळी उठून घोयते, चमच्यानं हालवते, आनून देते. उभे राह्यते मी पेईपर्यंत. कसं नाई म्हनू?"

मला तिची दया आली नाही. राग आला. एवढ्या वर्षांचा संसार, आणि त्यात बायकोच्या वाट्याला नवऱ्याच्या हातचं जे पहिलं काही आलं ते हे फेसाचं पाणी, आणि तिनं ते प्रसादासारखं प्यावं!

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर बंडूजी आमच्या आधी येऊन बाकावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट. "बायको पळवून नेली माह्यी," ते बाकीच्या पेशंटांना हसत सांगत होते. शर्टाच्या खिशात एक छोटी बाटली होती. चूर्ण घोळून आणलं होतं. वेळेवर लागलं तर असावं म्हणून. मी ती बाटली पाहिली, त्यांनी मी पाहिल्याचं पाहिलं, आणि खिशावर हात ठेवला.

"आत यायचं हाये मले," ते म्हणाले. "पाहू तं द्या, काय दाखवते मशीन."

अंकितानं येऊ दिलं. या वेळी पडद्यावर धूर बराच कमी होता, पण जठराच्या मागे अजून अंधूक. तिनं ताईला बसवलं आणि ग्लासभर साधं पाणी नळीनं हळूहळू प्यायला दिलं. घटाघट नाही, म्हणाली, हवा गिळाल. मग काही वेळ थांबून परत यंत्र टेकवलं.

मी हे पोरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं, प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. जठर पाण्यानं भरलं आणि पडद्यावर काळंभोर तळं उघडलं. जिथे काल आवाज आपटून परत येत होता, तिथून आज तो पाण्यातून बिनबोभाट पार गेला. तळ्याच्या पलीकडे स्वादुपिंड दिसलं, आडवं, करडं. आणि त्याच्या डाव्या टोकाशी एक गोल गाठ. अंकितानं तिच्यावर दोन खुणा लावून माप घेतलं. तिचा हात तिथेच थांबला होता.

बंडूजी पुढे वाकले. त्यांना इतकं कळत होतं की सगळे त्या गोलाकडे बघतायत.

"बेटा," त्यांनी विचारलं, "यात गॅस कुठं हाये?"

"आज गॅस नाहीये, काका," अंकिता म्हणाली. "म्हणून तर दिसतंय."

"न् त्या दोन टायमाले?"

"तेव्हा गॅस पुढे होता. ही त्याच्या मागेच होती."

 बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण मी फक्त त्यांच्या खिशाकडे पाहिलं. बंडूजींनी खिशावरचा हात काढला नाही, उलट तो आणखी घट्ट दाबला, आणि बाटलीचं झाकण सैल होतं म्हणून इस्त्रीच्या शर्टावर पिवळा डाग पसरत गेला.

पुढचं सगळं घाईनं झालं. सीटी स्कॅन, मग नागपूर. ताईचा मुलगा स्वप्निल तिथेच नोकरीला, त्यानं धावपळ केली. ऑपरेशनमध्ये गाठीसोबत अर्धं स्वादुपिंड आणि प्लीहा काढावी लागली. सर्जन म्हणाले, गाठ सावकाश वाढणारी होती म्हणून निभावलं. अजून दोन-तीन महिने गेले असते तर त्यांनी हात लावला नसता. आता तिला जन्मभर इन्शुलिन टोचून घ्यावं लागेल. दुखणं सुरू झालं तेव्हाच कळलं असतं तर कदाचित थोडक्यात भागलं असतं, असंही ते म्हणाले. हे वाक्य बंडूजींसमोर म्हणाले. मी त्यांना म्हणायला लावलं होतं.

दुकानातलं सर्टिफिकेट उतरलं. खिळा आहे, त्यावर आता उदबत्तीचे पुडे लटकतात. बरणी मात्र जागेवर आहे. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, "लोक मांगते." लोक मागतात! एवढं होऊनही नालवाडीतल्या लोकांना ढेकरच हवा आहे. फरक एवढाच, की आता पोट धरून कोणी आलं तर बंडूजी ठोकत नाहीत. "किती दिवसापासून हाये?" विचारतात, आणि पुष्कळ दिवसांचं असलं तर बरणी न उघडता म्हणतात, "आधी सोनोग्राफी करून ये. इथलं काही पिऊन जाऊ नोको." फोटो म्हणत नाहीत, सोनोग्राफी म्हणतात. परवा प्रेमदास मला हे कौतुकानं सांगत होता, जणू बंडूजींनी काही शोध लावला. इतक्या उशिरा आलेल्या अकलेचं कौतुक करायला मी काही त्यांची गिऱ्हाईक नाही.

पण एक सांगायचं राहिलं. नागपूरच्या दवाखान्यातलं आहे.

ऑपरेशननंतर बरेच दिवस ताईला तोंडानं काही नव्हतं. मग एका सकाळी सिस्टर म्हणाली, आता घोटघोट पाणी द्या. मी उठणार तोच बंडूजी उठले. त्यांनी ग्लास विसळला, पाणी ओतलं, आणि सवयीनं टेबलावरचा चमचा घेऊन त्यात फिरवायला लागले. नुसत्या पाण्यात. काचेवर चमचा वाजत राहिला, खळखळ. ताईनं डोळे उघडले.

बंडूजींना काय चाललंय ते कळलं तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला आणि ग्लास तिच्या हातात दिला.

"यात काही टाकलं तं नाई ना?" मंदाताईनं विचारलं.

"नाई वं," ते म्हणाले. "नुस्तं पानी हाये."

जिनं आजवर त्यांच्या एका शब्दावर कधी शंका घेतली नव्हती, त्या माझ्या बहिणीनं ग्लास नाकाशी नेला आणि वास घेतला. बंडूजी उभेच होते, तिनं प्यावं म्हणून, रोजच्यासारखे. तिनं पुन्हा एकदा वास घेतला. मग एक घोट प्यायली आणि ग्लास माझ्याकडे दिला.